किती लिटरचा गिझर? आमच्या घरचा हिशेब

आम्ही २०२३ च्या जून महिन्यात डोंबिवलीहून नाशिकला राहायला आलो, तेव्हा सामानाबरोबर न्हाणीघरातला ३ लिटरचा इन्स्टंट गिझरही काढून आणला होता. तो सात वर्षे जुना असला तरी त्याची कॉईल एकदाही जळली नव्हती, आणि डोंबिवलीत आम्हा चौघांच्या आंघोळी त्याच्यावर इतक्या सुरळीत होत असत की नव्या घरासाठी वेगळा गिझर घ्यावा लागेल, असा विचारही माझ्या मनात आला नव्हता. पावसाळा निभावला, दिवाळीही निभावली. दिवाळीनंतर निफाड तालुक्यातल्या गावाहून माझे सासू-सासरे कायमचे आमच्याकडे आले, घरात सहा माणसे झाली, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी पडली. त्या आठवड्यात आमची सकाळची जी घडी विसकटली, ती बसवण्यासाठी मला जवळजवळ दीड महिना खटपट करावी लागली. या काळात मी जे शिकले, ते आधी ठाऊक असते तर सासूबाईंना थंडीत ताटकळत बसावे लागले नसते, म्हणून हा सगळा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अडचण अशी होती की गिझर चालू असूनही पाणी कोमटच येत होते. नळ बारीक केला की पाणी गरम होई, पण मग बादली भरायला पंधरा मिनिटे लागत, आणि तोवर आधीचे पाणी निवून जाई. सासूबाईंना पहाटे साडेपाचला आंघोळ करून देवपूजेला बसण्याची सवय आहे. त्यांची दीड बादली भरेपर्यंत सहा वाजायला येत. मग सासरे, मग मुलीची शाळा, मग मुलाचा क्लास, असे एकामागून एक सगळेच मागे पडू लागले. गिझर बिघडला असावा असे समजून मी वायरमनला बोलावले. त्याने मीटर लावून पाहिले आणि सांगितले, की गिझर ठणठणीत आहे, पण सकाळी या भागात व्होल्टेज २०० पर्यंत उतरते. त्याच्या या बोलण्यात अर्धे उत्तर होते, हे मला पुढे कळले.

नवा गिझर घ्यायचा, हे ठरले. मी तीन दुकानांत गेले. प्रत्येक दुकानदाराने पहिला प्रश्न एकच विचारला, "घरात माणसं किती?" आणि सहा हे उत्तर ऐकून तिघांनी तीन सल्ले दिले. पहिल्याने ५० लिटरचा एकच मोठा गिझर घेऊन दोन्ही न्हाणीघरांना नळ काढायला सांगितले. दुसरा म्हणाला, "पंचवीस लिटर डोळे मिटून घ्या, सगळे तेच नेतात." तिसऱ्याच्या मते १५ लिटरचे दोन पुरेसे होते. तिघेही माहीतगार होते, त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, पण एकाच घरासाठी २५, ३० आणि ५० ही तीन उत्तरे येत असतील, तर विचारलेला प्रश्नच अपुरा आहे, असे मला वाटले. मी एका सहकारी पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. नोंद केल्याशिवाय आकडा ठरवायचा नाही, हे माझ्या अंगवळणी पडलेले आहे. म्हणून गिझर आठवडाभर पुढे ढकलून मी एक वही केली.

मोजण्यासाठी लागणारी साधने घरातलीच होती. बादलीवर २० लिटर असे छापलेले असले तरी काठोकाठ भरून कुणी उचलत नाही. लिटरच्या बाटलीने मोजल्यावर आमची 'एक बादली' १८ लिटरची भरली. तापमानासाठी मुलाने प्रयोगाच्या साहित्याच्या दुकानातून शून्य ते ११० अंशांचा काचेचा तापमापक आणला. ताप पाहायचा घरगुती तापमापक या कामाला चालत नाही, कारण त्याची खूणच ३५ अंशांपासून सुरू होते. सहा दिवस मी प्रत्येकाला विनंती केली, की विसण घालून पाणी आपल्याला हवे तसे झाले की अंगावर घेण्यापूर्वी मला हाक मारा. कोण किती वाजता आंघोळीला जातो, किती पाणी घेतो आणि ते किती गरम घेतो, एवढ्या तीनच गोष्टी मी लिहिल्या. त्याशिवाय रोज पहाटे गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या गार पाण्याचे तापमान घेतले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते १५ ते १७ अंशांच्या दरम्यान होते.

या नोंदी हाती आल्यावर हिशेब अवघड राहिला नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, एवढ्या दोनच गोष्टी त्यासाठी लागतात. मी गार पाणी १५ अंश धरले, कारण गिझर निवडायचा तो सर्वांत थंड दिवसासाठी. सासूबाई २७ लिटर पाणी ४३ अंशांवर घेतात, म्हणजे २८ अंशांची वाढ, म्हणजे ७५६ किलोकॅलरी. सासऱ्यांची एक बादली ४२ अंशांची, तिला ४८६. मुलीच्या आणि माझ्या यजमानांच्या प्रत्येकी एका बादलीला, ४० अंशांवर, ४५० लागत. माझ्या बादलीला ४६८. मुलगा शॉवर घेतो. त्याचा शॉवर बादलीत धरला तेव्हा १८ लिटर भरायला अडीच मिनिटांहून थोडासाच जास्त वेळ लागला, म्हणजे मिनिटाला ७ लिटर पाणी, आणि तो शॉवरखाली सहा मिनिटे उभा राहतो. ते ४२ लिटर ३९ अंशांवर नेण्यासाठी १००८ किलोकॅलरी लागतात. घरात सर्वांत कमी तापमानाचे पाणी घेणारा मुलगा सर्वांत जास्त उष्णता वापरतो, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आले नव्हते. मुलाला तर ते अजिबात पटेना, आणि त्याने स्वतः पुन्हा मोजून पाहिले.

सगळ्यांची बेरीज ३६१८ झाली, म्हणजे रोज सुमारे ४.२ युनिटे आणि ऐन थंडीच्या महिन्यात १२६. महावितरणच्या बिलात घरगुती वापराचे १००, ३०० असे टप्पे असतात, तेव्हा एकटा गिझरच पहिला टप्पा ओलांडतो, हेही या निमित्ताने कळले.

आता जुना गिझर का हरला, याचे उत्तर वहीत समोरच होते. ३ किलोवॉटची कॉईल पूर्ण दाबाने चालली तर मिनिटाला ४३ किलोकॅलरी देते. पुढे एकदा बहिणीकडे मुक्कामाला गेले असता मी डोंबिवलीचे पहाटेचे पाणी मोजले, तेव्हा ते थंडीतही २५ अंश भरले. तिथे ४० अंशांची बादली भरायला २७० किलोकॅलरी, म्हणजे सव्वासहा मिनिटे लागत. तीच बादली नाशिकच्या १५ अंशांच्या पाण्याने भरायची तर साडेदहा मिनिटे लागणार. त्यात वायरमनने सांगितलेले २०० व्होल्ट धरायचे. कॉईलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून २३० च्या जागी २०० व्होल्ट आले, तर ४३ चे ३२ किंवा ३३ च उरतात आणि बादलीला जवळजवळ चौदा मिनिटे लागतात. सासूबाईंच्या दीड बादलीला तेवीस. सहा जणांचे पाणी काढायचे तर नळ एक तास पन्नास मिनिटे अखंड वाहता ठेवावा लागला असता. इन्स्टंट गिझरवर लिहिलेले '३ लिटर' हे साठ्याचे माप आहे. तो मिनिटाला किती पाणी किती अंशांनी तापवतो, हे त्यावरून समजत नाही, आणि आपल्या गावचे नळाचे पाणी किती गार आहे, हे तर दुकानातल्या कोणत्याच खोक्यावर लिहिलेले नसते.

साठवणीच्या गिझरचा हिशेब यापेक्षा थोडा वेगळा आहे, आणि तो मला समजला तो सासूबाईंमुळे. मी वही घेऊन बसले असताना त्या सहज म्हणाल्या, "अगं, आमच्या बंबाचा हिशेब एवढाच असायचा. एक बादली काढली की तेवढंच गार पाणी वरून ओतायचं, आणि पुढच्याला थांबवायचं." गावच्या घरात त्यांच्याकडे तांब्याचा बंब होता. त्याच्या मधल्या नळकांड्यात लाकडे आणि शेणी पेटवत. बंबात पाणी किती मावते यावर एका वेळी किती बादल्या निघतील हे ठरे, आणि जाळ किती आहे यावर पुढच्याने किती वेळ थांबायचे हे ठरे. विजेच्या गिझरमध्येही नेमके हेच होते. गरम नळ उघडला की खालून तेवढेच गार पाणी टाकीत शिरते आणि ते वरच्या गरम पाण्याला पुढे ढकलते. टाकी किती लिटरची आहे हे पाहायचे ते घरातल्या सर्वांत मोठ्या एका आंघोळीसाठी, आणि कॉईल किती किलोवॉटची आहे हे पाहायचे ते दोन आंघोळींमधल्या मिनिटांसाठी. माणसांची संख्या या दोन्ही प्रश्नांत थेट कुठेच येत नाही. सहा माणसे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने आंघोळ करत असतील, तर त्यांना लहान गिझर पुरतो, आणि दोनच माणसे लागोपाठ शॉवर घेत असतील, तर त्यांना मोठा लागतो.

हे कळल्यावर मी प्रत्येक मापाचा गिझर कागदावर चालवून पाहिला. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप थांबवणारा भाग, ६० अंशांवर ठेवला, तर १५ अंशांच्या पाण्यात ४५ अंशांची भर पडते. २५ लिटरच्या टाकीत त्यामुळे ११२५ किलोकॅलरी साठतात, पण गार पाणी आत शिरताना थोडे मिसळतेच, म्हणून शेवटचे पाणी उपयोगाचे राहत नाही. मी सावधगिरीने ८० टक्केच धरले, म्हणजे २५ लिटरला ९०० आणि १५ लिटरला ५४०. कॉईल २ किलोवॉटची धरली, कारण दुकानात बहुतेक नमुने तेवढ्याच क्षमतेचे होते. ती मिनिटाला सुमारे २८.७ किलोकॅलरी देते.

१५ लिटरचा गिझर पहिल्याच आंघोळीला कमी पडला. सासूबाईंना ७५६ हव्यात, टाकीत ५४०, आणि पाणी काढण्याच्या पाच मिनिटांत कॉईलने आणखी १४४ दिल्या, तरी ६८४ च होतात. त्यांना शेवटची अर्धी बादली कोमट घ्यावी लागली असती. २५ लिटरच्या गिझरने मात्र त्यांचे पाणी भागले, सहा वाजेपर्यंत तो पुन्हा भरत आला, सासऱ्यांचे आणि मुलीचे पाणीही निघाले, आणि सहा चाळीसला मुलगा शॉवरखाली उभा राहिला तेव्हा गाडी अगदी काठावर येऊन थांबली: हव्यात १००८, मिळतात १०७२. हे झाले पूर्ण व्होल्टेजला. २०० व्होल्ट धरले, तर ८५७ च मिळतात, आणि शेवटची मिनिटभर त्याच्या अंगावर गार पाणी आले असते. दुकानदाराचा '२५ लिटर डोळे मिटून' हा सल्ला म्हणजे आमच्या घरी एका माणसाला रोज कुडकुडायला लावणारा होता.

५० लिटरच्या गिझरने हा प्रश्न सुटला असता, पण मी तो घेतला नाही, त्याची कारणे दोन. आमची दोन न्हाणीघरे घराच्या दोन टोकांना आहेत, मधली पाइपाची लांबी जवळजवळ ९ मीटर भरते, आणि प्रत्येक वेळी आधी त्या पाइपातले लिटरभर गार पाणी वाहून जायचे व नंतर तेवढेच गरम पाणी पाइपात निवत पडायचे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटले. टाकी मोठी असली की एका माणसासाठीसुद्धा ती पूर्ण तापवावी लागते. मार्चमध्ये बाकीचे सगळे साध्या पाण्याने आंघोळ करू लागतात, तेव्हाही सासूबाईंना कडकडीत पाणी लागते, आणि त्यांच्या दीड बादलीसाठी रोज ५० लिटर पाणी ६० अंशांवर नेऊन उरलेले निवू देणे मला पटण्यासारखे नव्हते.

म्हणून आंघोळी वाटून दिल्या. बाहेरच्या न्हाणीघरात २५ लिटर, तिथे सासूबाई, सासरे आणि मुलगी. आतल्या न्हाणीघरात १५ लिटर, तिथे मुलगा, यजमान आणि मी. प्रश्न राहिला मुलाच्या शॉवरचा, कारण १५ लिटरच्या टाकीतून सहा मिनिटांत ७१२ किलोकॅलरींपेक्षा जास्त मिळत नाहीत. त्याने सहा मिनिटे सोडायला नकार दिला, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याला घाई करायची नव्हती. सकाळच्या क्लासला जाणाऱ्या दहावीच्या मुलाला तेवढा निवांतपणा मिळायलाच हवा. त्याऐवजी आम्ही शॉवरची जाळी बदलली. नवी जाळी मिनिटाला ५ लिटर पाणी सोडते, ती बसवल्यावर तीच बादली भरायला साडेतीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. सहा मिनिटांचे ३० लिटर, ३९ अंशांवर, म्हणजे ७२०. हिशेबात ८ किलोकॅलरींची तूट राहिली, ती मी चालवून घेतली. १०–१५ लिटर मोठी टाकी विकत घेण्यापेक्षा शॉवरची जाळी बदलणे कितीतरी स्वस्त पडले, आणि हा उपाय कोणत्याही दुकानदाराने सुचवला नव्हता, याचे मला अजून वाईट वाटते.

शेजारच्या काकूंनी गॅस गिझर घेण्याचा आग्रह केला होता. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मिनिटाला ५–६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवण्याची ताकद त्यात असते, ती विजेच्या साध्या गिझरच्या कितीतरी पट आहे, आणि टाकी संपण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु आमच्या दोन्ही न्हाणीघरांना हातभर रुंदीची एकेक झडप आहे, ती थंडीत कुणी उघडत नाही, आणि गॅस बंद जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि आत असलेल्या माणसाला भोवळ येईपर्यंत काही कळत नाही. न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत तो बसवण्याची सोय असती तर मी त्याचा जरूर विचार केला असता. न्हाणीघराच्या आत तो बसवू नये, हे मी काकूंनाही कळकळीने सांगितले, आणि त्यांनी नंतर त्यांचा गिझर बाहेरच्या गॅलरीत हलवून घेतला. सौर बंबाचा विषय सोसायटीच्या सभेपुढे गेला, गच्चीवरच्या जागेवरून अडला, आणि तिथेच राहिला.

माप ठरल्यानंतरची निवड लवकर झाली. ताऱ्यांच्या लेबलाविषयी माझा एक गैरसमज होता, तो एवढ्यासाठी सांगते, की तो अनेकांचा असतो. जास्त तारे म्हणजे पाणी लवकर तापते असे मी समजत होते. प्रत्यक्षात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे हे तारे, तापलेले पाणी टाकीत नुसते उभे राहिले तर चोवीस तासांत किती उष्णता बाहेर जाते, यावर दिलेले असतात. पाणी तापायला किती वेळ लागेल हे फक्त किलोवॉट ठरवतात. सासूबाईंसाठी गिझर पहाटे पाचला लावायचा आणि आठपर्यंत वापरायचा असल्याने आम्ही पाच ताऱ्यांचाच घेतला, पण आंघोळीच्या दहा मिनिटे आधी बटण दाबून लगेच बंद करणाऱ्या घराला या ताऱ्यांचा फायदा कमी होईल. उभा की आडवा, या प्रश्नातही उभ्या गिझरला प्राधान्य दिले. उभ्या टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली नीट वेगळे राहते, आडव्या टाकीत ते अधिक मिसळते, आणि लिटर तेच असले तरी हाती येणारे गरम पाणी कमी होते. माळ्याखाली जागा अपुरी असेल तरच आडवा घ्यावा. दाबाची चिंता आम्हाला नव्हती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, गच्चीवरच्या टाकीपासून अंतर १५ मीटरच्या आसपास आहे, आणि ८ बारचा गिझर ८० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसतो.

खरा वेळ गेला तो वायरिंगमध्ये. बाहेरच्या न्हाणीघरात बटणाचा जो पॉइंट होता, त्याची तार जेमतेम बल्बापुरती जाड होती. पूर्वीच्या भाडेकरूने तिच्यावरच गिझर चालवला असावा, कारण प्लेटच्या मागे प्लास्टिक काळवंडलेले दिसले. २ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. वायरमनने मुख्य बोर्डापासून दोन्ही ठिकाणी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तार ओढली, प्रत्येकाला वेगळा एमसीबी, म्हणजे भार फार वाढला तर वीज तोडणारे बटण, दिला, १६ अँपिअरचे सॉकेट बसवले, आणि ओल्या जागेत शॉक जिवावर बेतण्याआधी वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. अर्थिंग तपासल्याशिवाय त्याने गिझरला पाणी जोडू दिले नाही. या कामाचा खर्च लहान गिझरच्या किमतीच्या जवळ गेला. तो करताना मला क्षणभरही जड वाटले नाही. भिंतीचीही अशीच पाहणी केली. २५ लिटरचा गिझर भरल्यावर त्यात २५ किलो पाणी आणि वर टाकीचे स्वतःचे वजन असते, आणि ते सगळे सासूबाईंच्या डोक्यावर टांगलेले असणार, म्हणून चार इंची भिंतीच्या ठिसूळ भागाऐवजी बीमलगतची जागा निवडली.

जानेवारीच्या अखेरीला दोन्ही गिझर सुरू झाले. पहिल्याच दिवशी मी तापमापक घेऊन २५ लिटरच्या गिझरचे पाणी बाटलीने मोजत काढले. पाणी तापून थर्मोस्टॅटने वीज थांबवल्यावर गिझरचे बटणही बंद केले होते, म्हणजे नवी उष्णता मिसळणार नाही. पहिले १८ लिटर ५५ अंशांच्या वर आले, विसाव्या लिटरला ५० अंश झाले, आणि पुढच्या तीन लिटरांत ते झपाट्याने उतरत ३० च्या खाली गेले. माझे ८० टक्के बरोबर निघाले होते. साठ अंशांचे पाणी मात्र सांभाळून घ्यावे लागते. ते सरळ अंगावर घेतले तर काही सेकंदांत भाजते, म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यायचे आणि मग गरम सोडायचे, हा नियम मी मुलीला आणि सासऱ्यांना रोज बजावत राहिले. सासूबाईंना ते पटेना. त्यांच्या मते विसण गरम पाण्यातच घालतात. शेवटी त्यांनी आपला बादलीचा क्रम बदलला नाही, आणि मी त्यांच्या नळाला आधी गार पाणी मिसळणारी तोटी बसवून घेतली.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला नणंद आपल्या कुटुंबासह आली आणि घरात दहा माणसे झाली. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी व्हायला हवे, म्हणून आदल्या रात्री मी पुन्हा वही उघडली. दिवाळीत टाकीतले पाणी २२ अंश होते, ४२ अंशांच्या एका बादलीला ३६० किलोकॅलरी, दहा जणांना ३६००. दोन्ही टाक्यांत मिळून सुरुवातीला सुमारे १२०० तयार असणार, उरलेल्या २४०० साठी दोन कॉईलना बेचाळीस मिनिटे लागणार. साडेचारला पहिली बादली काढली, साडेपाचला शेवटची. मधल्या वेळात पाण्यासाठी कुणालाही थांबावे लागले नाही. थांबावे लागले ते उटणे लावून घेण्यासाठी, कारण सगळ्यांच्या पाठीला उटणे सासूबाईच लावत होत्या.

डोंबिवलीचा जुना ३ लिटरचा गिझर आता स्वयंपाकघरात, भांडी घासण्याच्या नळावर आहे. तिथे ३५ अंशांचे पाणी पुरते, नळ बारीकच लागतो, आणि मिनिटाला दोन लिटर हा त्याचा वेग त्या कामाला अगदी योग्य आहे.

वर्षभराने, पुढच्या जानेवारीत, मी वायरमनला बोलावून दोन्ही टाक्या उघडून घेतल्या. उन्हाळ्यात दोन महिने आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी मिसळतात आणि ते जड असते. २५ लिटरच्या टाकीत कॉईलवर पांढरा थर धरला होता, तो खरवडून काढला. टाकीला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक सळई असते, ती स्वतः झिजते आणि टाकीचा पत्रा वाचवते. आमची सळई पेन्सिलीपेक्षाही बारीक झाली होती. १५ लिटरच्या टाकीतली अजून निम्मी शिल्लक होती, ती तशीच ठेवली. मोठ्या टाकीत नवी बसवली, झाकणाचे रबर बदलले, आणि वहीत आंघोळींच्या जुन्या नोंदींखाली ती तारीख लिहून ठेवली.